वासरट्रेगर म्हणजे कोण

त्या दिवसापर्यंत माझं जर्मन फक्त कागदांशी बोललं होतं. पूर्णा गावातल्या एका मोठ्या गोदामात मी आयात मालाच्या टेबलावर काम करते. खोक्यांवर काय लिहिलंय, किती नग आलेत, कुठलं पॅलेट ओलं झालंय, ते वाचायचं आणि तिकडे कळवायचं. ‘आपल्या मालातील काही खोकी फाटलेल्या अवस्थेत मिळाली, कृपया नोंद घ्यावी’ हे वाक्य मी जर्मनमध्ये डोळे मिटून लिहू शकते. पण समोर जिवंत जर्मन माणूस उभा आहे आणि तो बोलतोय, असा प्रसंग माझ्यावर आलाच नव्हता.

एक दिवस आमच्या व्यवस्थापकसाहेबांनी सांगितलं, की बुटांच्या कंपनीचा एक पाहुणा गोदाम बघायला येतोय. तो निवृत्त व्यावसायिक फुटबॉलपटू आहे आणि तुमच्या गावच्या शाळेत तासभर बोलायलाही तयार आहे. दुभाषी म्हणून तू उभी राहशील का? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणाले.

पाहुण्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीने ऐकलं होतं.

ती तेव्हा सोळा वर्षांची, नुकतीच दहावी झालेली. आमचं घर कल्याणजवळच्या कोन गावाशेजारच्या एका गावात आहे. संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा ती ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं तसा तिचा हात थांबला.

“ताई, खोटं सांगतेस.”

“कागदावर लिहिलंय.”

“आपल्या शाळेत? आपल्या पटांगणात?”

मग ताटातल्या तांदळात बोटाने मैदान काढत तिने मला त्या माणसाचं सगळं आयुष्य एका दमात सांगितलं. कोळशाच्या खाणींच्या गावात जन्म. एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्या श्रेणीच्या संघातून पहिला सामना. मग वरच्या श्रेणीत एकाच क्लबकडून दहा वर्षं. देशाकडूनही खेळला. क्लब घसरून खालच्या श्रेणीत गेला तेव्हा मोठमोठे खेळाडू सोडून गेले, हा राहिला, आणि पुढच्या वर्षी संघ परत वर आला.

“आणि गोल किती?” मी विचारलं.

“चार.”

“एका वर्षात?”

“अख्ख्या आयुष्यात,” ती म्हणाली, आणि अशी हसली, जणू ते चारही तिनेच मारले होते.

तिच्या स्वतःच्या नावावर एकही नव्हता. कारण ती नेमकी त्याच जागेवर खेळायची. मैदानाच्या मधोमध, बचाव करणाऱ्यांच्या जरा पुढे. समोरच्यांची चाल तोडायची, चेंडू काढून घ्यायचा आणि पुढच्या मुलींना द्यायचा. तिला ही जागा आमच्या शाळेच्या खेळाच्या सरांनी दिली. हे सर नसते तर आमच्या शाळेत फुटबॉल आलाच नसता. गोल न मारताही जिल्ह्याच्या चाचणीतून तिची एका क्रीडा वसतिगृहासाठी निवड झाली होती. अकरावी-बारावी तिथेच शिकायचं, तिथेच खेळायचं. संमतीच्या कागदावर पालकांची सही हवी होती आणि तो पाठवायची शेवटची तारीख होती पाहुण्याच्या भाषणानंतरचा दिवस.

बाबा सही करत नव्हते.

इथे माझ्या बाबांबद्दल गैरसमज होऊ नये म्हणून सांगते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा टेम्पो चालवतात, ते स्वतः सातवीपर्यंत शिकले. मी बी.ए.ला असताना कल्याणला दर रविवारी जर्मनचा वर्ग असायचा. रविवारी भाडं असो नसो, बाबा मला टेम्पोतून सोडायचे, वर्गाबाहेर गाडी लावून स्टिअरिंगवर पेपर पसरून बसायचे आणि परत घेऊन यायचे. दोन वर्षांत ‘हे शिकून होणार काय’ असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. गावातली माणसं विचारायची, तेव्हा बाबा म्हणायचे, “तिला समजतंय ना, मंग झालं.” अशा माणसाशी मी कुठल्या तोंडाने भांडणार होते?

पण अभ्यासाचं जे त्यांना सहज पटायचं, ते खेळाचं पटत नव्हतं.

“गोल किती तुझं?” ते बहिणीला विचारायचे.

“बाबा, मी गोल मारायला नसतेच तिथं.”

“मंग कनाला हायेस?”

मग कशाला आहेस, यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते बाबांपर्यंत पोचेल असं नव्हतं. बाबांचं गणित सरळ होतं. खेळाडूंना पोलिसात, रेल्वेत घेतात, पण ज्यांचं नाव झालं त्यांना. “गोल न्हाय तर नाव न्हाय. नाव न्हाय तर नोकरी न्हाय. मंग दोन वरसं घर सोडून तिकडं ऱ्हायचं कशासाठी?”

मी एवढंच म्हणाले, “बाबा, येऊन ऐका तरी. चार गोलांचा माणूस आहे, आणि देशाकडून खेळलाय.”

“येईन,” ते म्हणाले. “तू बोलनार म्हनून येईन.”

पुढचे आठ दिवस मी जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला ठेवून त्या माणसाच्या जुन्या मुलाखती मोबाइलवर बघितल्या. पहिल्या दिवशी निम्मंही कळलं नाही. तो शब्दांची शेपटं गिळायचा. मी एक वही केली. डावीकडे जर्मन शब्द, उजवीकडे मराठी. गोलरक्षक, बचावपटू, पिवळं कार्ड, जादा वेळ. वहीची अकरा पानं भरली तेव्हा मला वाटलं, आता मी तयार आहे.

आमचं गाव तसं क्रिकेटचं. थंडी पडली की गोदामांच्या मधल्या मोकळ्या जागांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. माणसाच्या उंचीचे चषक, मांडव, लाउडस्पीकरवर धावतं वर्णन. या सगळ्या स्पर्धा भरवतात ते आमच्या गावचे शेठ. त्यांच्या जमिनीवर आज तीन गोदामं उभी आहेत. शाळेसाठी त्या दिवशीचा मांडवही त्यांनीच घातला होता, म्हणून ते पहिल्या रांगेत मधोमध बसले होते. त्यांच्या मागे पुरुष, उजवीकडे बायका, पुढे सतरंजीवर मुलं. बहीण सतरंजीच्या टोकाला शाळेच्या संघाबरोबर. बाबा सगळ्यांत मागे, मांडवाच्या खांबाला टेकून उभे, हातात टेम्पोची चावी. बसायला तयार नव्हते.

पाहुणा गाडीतून उतरला तेव्हा मी जरा गोंधळले. मला वाटलं होतं कुणी धिप्पाड माणूस येईल. हा बेताच्या उंचीचा, टक्कल पडलेला, उन्हाने कान लाल झालेले, आणि चालताना डावा पाय किंचित ओढणारा. त्याने माझ्याशी हात मिळवला आणि विचारलं, “तुम्हाला भीती वाटतेय का?”

“हो,” मी म्हणाले. खोटं बोलण्याइतकं जर्मन मला सुचलं नाही.

“मलाही,” तो म्हणाला. “भाषण हा माझा खेळ नाही. पण असं करू. मी चेंडू तुम्हाला देतो, तुम्ही पुढे द्या.”

आणि खरंच तसं सुरू झालं. तो दोन वाक्यं बोलायचा आणि थांबायचा, मी मराठीत सांगायचे, लोक हसायचे, तो पुढचं वाक्य टाकायचा. त्याने लहानपणीचं मैदान सांगितलं. गवत नव्हतंच, खाणीतून निघालेली काळी बारीक खडी पसरलेली. पडलं की ती गुडघ्यात रुतायची आणि आई ब्रशने घासून काढायची. त्याने पँट वर करून गुडघा दाखवला. अजून दोन काळे ठिपके कातडीखाली दिसत होते. पुढची मुलं उठून बघायला गेली, सरांनी त्यांना मागे ओढलं.

मग पहिला सामना. शेवटची तीन मिनिटं उरली असताना त्याला मैदानात उतरवलं. तीन मिनिटांत त्याचा पाय चेंडूला एकदाही लागला नाही, समोरच्याच्या नडगीला मात्र लागला. पिवळं कार्ड मिळालं. दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं नाव फक्त ताकीद मिळालेल्यांच्या यादीत होतं, आणि आईने ते कात्रण चौकटीत लावलं. हे सांगितल्यावर बायकांच्या बाजूने एवढा हशा आला, की मला वाटलं आपण दोघं वर्षानुवर्षं एका संघात खेळतोय. माझी वही बंदच होती. मला अक्षरशः उडाल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात तो म्हणाला, “आमच्या संघात एक मोठा खेळाडू होता, दहा नंबरचा. लोक त्याला बघायला तिकीट काढायचे. आणि मी? मी त्याचा वासरट्रेगर होतो.”

‘वासर’ ऐकून सतरंजीवर खसखस पिकली. “वासरू, वासरू,” कुणीतरी कुजबुजलं.

हा शब्द माझ्या अकरा पानांत नव्हता. पण मी घाबरले नाही. शब्दाचे दोन तुकडे केले. वासर म्हणजे पाणी. ट्रेगर म्हणजे वाहणारा. दोन्ही तुकडे मला पाठ होते, खोक्यांवर रोज दिसायचे. मी माइकमध्ये खणखणीत आवाजात सांगितलं, “आणि मी त्याच्यासाठी पाणी वाहायचं काम करायचो.”

मग शेठ मागे वळून लोकांना म्हणाले, “म्हंजे बारावा गडी.”

क्रिकेटच्या गावात हे समजावून सांगावं लागत नाही. जो खेळत नाही, विश्रांतीत पाण्याच्या बाटल्या घेऊन धावतो, तो बारावा गडी. हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेलं.

“एवढ्या लांबून बाराव्या गड्याला आनला?”

“म्हंजे टीममदी पानी पाजवाला व्हता.”

“चार गोल तरी मारलं म्हनं.”

“बाटल्या उचलता उचलता लागला असंल पाय.”

पाहुण्याला वाटलं, आपला विनोद भलताच जमला. तोही मनापासून हसला. आणि हसू आणखी वाढावं म्हणून त्याने दोन हातांत दोन बादल्या धरल्याचा अभिनय केला, वाकून धापा टाकत व्यासपीठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला आणि काल्पनिक दहा नंबरवाल्याला अदबीने पाणी दिलं. आता तर मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. एक म्हातारी कळवळून म्हणाली, “बिचारा, पाय बी अधू हाय.”

मी बहिणीकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. मागे पाहिलं तर बाबांनी खांबाची टेक सोडली होती आणि ते फाटकाकडे वळले होते.

मला कळत होतं की चूक झालीय, आणि कुठे झालीय ते कळत नव्हतं. प्रत्येक तुकडा बरोबर होता. मी वही उघडली. त्या वेळी वही उघडून काय मिळणार होतं, देव जाणे.

बहीण उठली. सतरंजीवरून मुलांच्या मधून वाट काढत व्यासपीठापाशी आली आणि म्हणाली, “ताई, थांब. चुकलं तुझं.” तिने माझ्या हातातला माइक घेतला. शाळेत प्रार्थनेलाही पुढे उभी न राहणारी माझी बहीण.

“तो बारावा न्हाय,” ती म्हणाली. “अकरातलाच हाय. पूर्ण वेळ खेलायचा.” घाईत ती घरच्या बोलीत शिरली. “लावनीला आवनाच्या मुठी कोन टाकतो?”

भात लावताना मुठी कोण टाकतो हे आमच्याकडे कुणालाही माहीत असतं. आवण म्हणजे भाताची रोपं. एकजण त्यांच्या जुड्या, म्हणजे मुठी, घेऊन चिखलातून फिरत असतो. बाया वाकून रोपं लावत मागे मागे सरकत असतात. त्यांना मान वर करायला लागू नये, हात रिकामा राहू नये, म्हणून तो बरोबर त्यांच्या हाताशी मूठ टाकतो. उशीर झाला की रांग थांबते. लांब पडली की बाईला उठावं लागतं.

“लोक बघतात ते लावनाऱ्या बायांला,” बहीण म्हणाली. “रांग कशी सरल हाय ते बघतात. मुठी टाकनाऱ्याला कोनी बघत न्हाय. पन तो नसला तर लावनी होईल का? तसा हा. चेंडू दुसऱ्यांच्या पायातनं काढायचा आन दहा नंबरच्या पायाशी टाकायचा. त्याला मान वर करायला न लावता.”

बायकांच्या बाजूने त्याच म्हातारीचा आवाज आला, “मंग असं बोल ना. पानी कुठनं आनलं मंगाशी?”

आता हसले ते माझ्यावर. मला फार बरं वाटलं. लोक मान डोलावत होते, शेठही. ज्यांच्या शेतांवर आता पत्र्याची छपरं आहेत, त्यांच्याही हातांना मुठी टाकणं आठवत होतं.

पाहुणा माझ्याकडे बघत होता. त्याला काही कळलं नव्हतं, पण चेंडू दुसरीकडे गेलाय एवढं कळलं होतं. मग मी त्याला जर्मनमध्ये सगळं सांगितलं, माझी चूक, बारावा गडी, आणि भाताची लावणी. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत लांब जर्मन वाक्य होतं आणि त्याचं व्याकरण आठवून आजही माझे कान गरम होतात. तो लक्ष देऊन ऐकत राहिला.

“आणि हे सगळे पाण्यात उभे असतात?” त्याने विचारलं.

“नडगीपर्यंत.”

“मग तो खरंच पाण्यातून ओझं वाहतो,” तो म्हणाला. “त्या माणसाला तुमच्याकडे काय म्हणतात?”

मी बायकांना विचारलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. “नाव कसलं त्याला? जो मोकला असंल तो.”

हे मी त्याला सांगितलं. “आमच्याकडेही त्या कामाला साधं नाव नव्हतं,” तो म्हणाला. “पत्रकारांनी मला पाणी वाहणारा म्हणायला सुरुवात केली तेव्हा मला राग यायचा. मग दहा नंबरवाला निवृत्त झाला. त्याच्या निरोपाच्या सामन्याला स्टेडियम भरलं होतं. त्याने भाषणात पहिलं नाव माझं घेतलं. त्यानंतर मी तो शब्द स्वतःच वापरायला लागलो.”

या वेळी मी प्रत्येक वाक्य हळू सांगितलं. आणि सांगता सांगता पाहिलं, बाबा फाटकापाशी थांबले होते. आता ते परत मांडवात आले, एक खुर्ची ओढून बसले.

मग प्रश्न सुरू झाले. शेठनी विचारलं, चार गोल कसे मारले? पाहुणा म्हणाला, “खरं म्हणजे पाच. पाचवा स्वतःच्याच गोलात मारला. तो सगळ्यांत सुंदर होता.” मुलांनी विचारलं, तो डोक्याने किती वेळा चेंडू झेलू शकतो. एका मुलीने विचारलं, देशाच्या संघात घेतलं तेव्हा रडला का. “नाही,” तो म्हणाला, “संघातून काढलं तेव्हा रडलो.”

आणि मग मागे एक हात वर झाला. हातात चावी होती.

“त्याला विचार,” बाबा मला म्हणाले, “गुडघा कवा गेला.”

इतरांना नुसता अधू पाय दिसला होता, बाबांनी गुडघा ओळखला होता. मी विचारलं. पाहुण्याने बाबांकडे नीट पाहिलं.

“बत्तिसाव्या वर्षी,” तो म्हणाला. “सामन्यातही नाही, सरावात. बघायला कुणी नव्हतं. सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. दोनदा शस्त्रक्रिया झाली. एकदा परत खेळायला उतरलो, अकरा मिनिटं टिकलो. मग संपलं.”

“मंग पोटापान्याचं काय केलं?”

“पाइप बसवले,” तो म्हणाला. लोकांना वाटलं मी पुन्हा चुकले. मी नव्हते चुकले. पंधराव्या वर्षी तो क्लबच्या वसतिगृहात राहायला गेला, तेव्हा तिथे नियम होता. दुपारपर्यंत काहीतरी काम शिकायचं, दुपारनंतर फुटबॉल. तो नळजोडणीचं काम शिकला. खेळ संपल्यावर दोन वर्षं तेच केलं. लोक त्याला ओळखायचे आणि न्हाणीघरातल्या फरशीवर सही मागायचे. मग तो लहान मुलांचा प्रशिक्षक झाला.

बाबा उभे राहिले. “वसतिगृहात पोरं किती व्हती?”

“बावीस.”

“त्यातली त्याच्यासारखी मोठी किती झाली?”

पाहुण्याने उत्तर दिलं, एकाच शब्दात आणि हळू. ते फक्त मला ऐकू आलं.

जर्मनमध्ये बावीस म्हणताना आधी दोन म्हणतात आणि मग वीस, आपल्यासारखंच. आमच्या जर्मनच्या बाईंनी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, की इंग्रजी शाळेतली मुलं इथे अडखळतात, मराठी शाळेतली नाहीत. म्हणून आकडे मला कधी जड गेले नाहीत. त्या दिवशी मात्र एक आकडा मला जड गेला. पाहुणा म्हणाला होता, दोन.

मी ‘बरीचशी’ म्हणू शकले असते. ‘पुष्कळ’ म्हणू शकले असते. मांडवात दुसऱ्या कुणालाच जर्मन येत नव्हतं. बहीण दोन हातांवर बसलेली, माझ्या ओठांकडे बघत होती. मघाशी मी चुकले ते माहीत नव्हतं म्हणून. आता चुकले असते तर ते माहीत असून. आणि ज्यांनी मला ही भाषा शिकवली, म्हणजे टेम्पोतून नेऊन आणून शिकवली, त्यांनाच मी त्या भाषेत फसवणार होते.

“दोन,” मी म्हणाले. “बावीसपैकी दोन.”

बहिणीने डोळे मिटून घेतले.

बाबांनी चावी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, “म्हंजे वीस घरी आले. त्या वीसांचं काय झालं, त्याला म्हाईत हाय का?”

मला वाटलं हा प्रश्न पाहुण्याला अवघड जाईल. पण त्याचा चेहरा एकदम उजळला. तो बोटं दुमडून मोजायला लागला आणि मी त्याच्या मागे धावायला लागले. एक बेकरी चालवतो. एक शहरबस चालवतो. दोघं शिक्षक. एक खिडक्या बसवतो आणि सगळ्यांपेक्षा चांगला अजून तोच खेळतो. एक परिचारक आहे. एक वारला, त्याच्या मुलाला हा स्वतः शिकवतो. तो वीसच्या वीस सांगायला बसला होता. पंधराव्या-सोळाव्याला शेठनी घड्याळाकडे पाहिलं, पण बाबा उभेच होते, म्हणून तोही थांबला नाही.

“कुणी रिकामा बसला नाही,” शेवटी तो म्हणाला. “कारण शिकणं सोडलं की मैदान बंद. हा नियम फार कडक होता. आम्ही त्याला शिव्या द्यायचो.”

“बस,” बाबा म्हणाले आणि खाली बसले. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचता आलं नाही.

कार्यक्रम संपला तसे सगळे पटांगणात आले. पाहुण्याने बूट काढले, पँट दुमडली आणि मोज्यांवरच मुलींबरोबर खेळायला उतरला. धावत नव्हता, नुसता चालत होता, पण चेंडू मात्र त्याच्यापाशीच यायचा. मुली त्याच्याभोवती पळून दमल्या. माझी बहीण पळतच नव्हती. ती चार पावलं लांब उभी राहून त्याच्या चांगल्या पायाकडे बघत होती. त्याने चेंडू त्या पायावर घेतला आणि त्याच क्षणी ती आत घुसली, चेंडू काढला आणि न बघता डावीकडच्या मुलीला दिला. पाहुणा वळला, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या आणि मला ओरडून म्हणाला, “ही माझ्या जागेवर खेळते.” त्याचं भाषांतर न करताच मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्या शेजारी येऊन उभे होते.

“तो कागद कुठं हाय?” त्यांनी विचारलं.

कागद बहिणीच्या दप्तरात होता. दोन आठवडे ती तो बरोबर घेऊनच फिरत होती.

बाबांनी सरांना बोलावलं. “सर, तिथं अभ्यास नीट घेतात ना? परीक्षा बुडवून खेलवत न्हाय ना?”

“हजेरी नसेल तर संघात घेत नाहीत,” सर म्हणाले. “मी स्वतः चौकशी केलीय.”

“नापास झाली तर मी टेम्पो घेऊन येईन हिला न्यायला.”

“नाही होणार,” बहीण म्हणाली. ती धापा टाकत होती.

“आन गुडघा सांभालायचा.” बाबांनी कागद टेम्पोच्या बॉनेटवर ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू दोन बोललीस ते बरं केलंस. बावीसच्या बावीस मोठी झाली असं सांगितलं असतंस, तर मी गाडी काढून निघालो असतो. असं कुठं असतं व्हय?”

त्यांनी सही केली, आख्खं नाव, सावकाश, प्रत्येक वेलांटी देऊन. सरांनी तिथल्या तिथे मोबाइलवर कागदाचा फोटो काढला आणि पाठवला. आम्ही चौघं त्या छोट्या पडद्यावर वाकलो. पाठवलं गेल्याची खूण आली तेव्हा बहिणीने माझा दंड एवढा दाबला, की दोन दिवस निळा होता.

पाहुणा बूट हातात घेऊन आमच्याकडे आला. काय झालं ते मी सांगितलं. त्याने बहिणीशी हात मिळवला, मग बाबांशी. बाबांनी त्याचा हात सोडला नाही.

“याला विचार,” ते मला म्हणाले, “वसतिगृहात खायला काय मिलायचं.”

“बटाटे,” पाहुणा म्हणाला. “रोज. रविवारी बटाट्यांबरोबर अजून बटाटे.”

हे ऐकून बाबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. सकाळपासून पहिल्यांदाच ते खरे काळजीत पडलेले दिसले. “मंग हिच्याबरोबर सुकट द्यायला लागंल,” ते म्हणाले. “डबाभर.”

“द्या बाबा,” बहीण म्हणाली. “वासानं सगळ्या पळतील आन मला एकटीला खोली मिळंल.”

पाहुणा माझ्याकडे बघत होता, भाषांतराची वाट पाहत. सुकटीला, आमच्या त्या वाळवलेल्या मासळीला, जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी सुरुवात तर केली.